पूर, निवडणूक, दंगल : अशा वेळी परवान्याच्या बंदुकीचे काय होते?

निवडणुकीची घोषणा झाली की गोंदिया जिल्ह्यातील परवानाधारकांसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो : आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागणार का? हाच प्रश्न दंगलीच्या वेळी, जमावबंदीत किंवा पूर आल्यावरही पडू शकतो. बंदूक कायदेशीर आहे, परवाना चालू आहे, मालकाने काही गुन्हा केलेला नाही. तरीही सरकार ती ताब्यात घेऊ शकते का? घेऊ शकत असेल तर कोणत्या कायद्याने, किती दिवसांसाठी आणि कोणाच्या सहीने?

थोडक्यात उत्तर असे, की सरकारकडे हा अधिकार आहे आणि तो बराच मोठा आहे. मात्र तो एकाच कायद्यात किंवा एकाच अधिकाऱ्याच्या हातात नाही. प्रत्येक अधिकाराला वेगळी अट, वेगळी मुदत आणि वेगळी दाद आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात धानाची शेती, वाघांचे जंगल, दोन राज्यांच्या सीमा आणि नक्षलवादाचा इतिहास हे सगळे एकत्र येते. त्यामुळे हे सगळे नियम तिथे प्रत्यक्ष लागू होताना दिसतात.

बंदूक बाळगणे हा हक्क आहे का?

नाही. भारतात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, तेही ‘शांततेने आणि विनाशस्त्र’ जमण्याचे. अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क आपल्याकडे नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात लक्ष वेधले होते.

सध्याचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि त्याने इंग्रजांच्या काळातील १८७८ च्या कायद्याची जागा घेतली. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. कलम ३ नुसार बंदूक मिळवणे, बाळगणे आणि घेऊन फिरणे या तिन्ही गोष्टींसाठी परवाना लागतो. जिल्ह्यात परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी. गोंदियात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे सगळे परवाने जिल्हाधिकारी कार्यालयातूनच निघतात.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्राच्या यादीत आहे, तर सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्याच्या यादीत. म्हणून बंदूक कोणाला द्यायची आणि कधी काढून घ्यायची हे मुख्यतः केंद्राचा कायदा सांगतो. ती घेऊन रस्त्यावर कधी फिरायचे नाही हे मात्र राज्याचा पोलीस कायदाही सांगतो.

बाळगणे वेगळे, घेऊन फिरणे वेगळे

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. ‘शस्त्रबंदी’ जाहीर झाली म्हणजे घरातली बंदूक लगेच बेकायदा ठरते असे नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी आदेश काढू शकतात. सण, मोर्चे, जयंत्या, निवडणुका अशा वेळी ‘कलम ३७ (१) व (३) लागू’ अशी बातमी येते ती हीच. या आदेशात बंदुका, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या अशा इजा करू शकणाऱ्या वस्तू घेऊन फिरण्यास मनाई असते. ३७ (३) हा भाग जमावबंदीचा. तो आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. शस्त्रबंदी मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा मार्ग म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील प्रसिद्ध कलम १४४ ची जागा १ जुलै २०२४ पासून या कलमाने घेतली आहे. तातडीच्या प्रसंगी कार्यकारी दंडाधिकारी त्याखाली मनाई आदेश काढतात. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत टिकतो. राज्य सरकार तो आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकते.

या दोन्ही मार्गांनी सहसा बंदूक बाहेर काढण्यावर बंदी येते. घरातील बंदूक जमा करायला लावायची असेल तर मात्र शस्त्र अधिनियमाकडे वळावे लागते. शिवाय एक बंधन बारमाही असते. परवान्याच्या अटींनुसार खास परवानगी नसेल तर बंदूक जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर सभेत किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेता येत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा तर २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बंदूक काढून घेण्याचे अधिकार कोणाकडे?

शस्त्र अधिनियमात हे अधिकार पायरीपायरीने दिले आहेत.

पहिली पायरी परवाना अधिकाऱ्याची. कलम १७ नुसार सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता राखण्यासाठी आवश्यक वाटल्यास जिल्हादंडाधिकारी एखाद्याचा परवाना काही काळासाठी निलंबित किंवा कायमचा रद्द करू शकतात. आदेश लेखी असावा लागतो, कारणे नोंदवावी लागतात आणि परवानाधारकाने मागितल्यास ती थोडक्यात कळवावी लागतात. कारणे सांगणे लोकहिताचे नाही असे अधिकाऱ्याला वाटले तरच याला अपवाद आहे.

दुसरी पायरी दंडाधिकाऱ्याची. कलम २२ नुसार एखाद्या व्यक्तीकडे शस्त्र राहू दिल्यास शांततेला धोका आहे, असे मानण्यास कारण असेल तर दंडाधिकारी ते कारण नोंदवून घराची झडती घ्यायला लावू शकतात. शस्त्र कायदेशीर असले तरी ते आवश्यक तेवढे दिवस ताब्यात ठेवता येते.

तिसरी पायरी केंद्र सरकारची. कलम २४ नुसार केंद्र कोणाचेही शस्त्र जप्त करण्याचा आदेश देऊ शकते. कलम १७ (९) नुसार राजपत्रात आदेश काढून देशभरातील किंवा एखाद्या भागातील सगळे परवाने एकाच वेळी निलंबित वा रद्द करता येतात.

यांपैकी एकाही अधिकारासाठी घटनेच्या कलम ३५२ खालील आणीबाणी जाहीर व्हावी लागत नाही. देशात अशी आणीबाणी १९६२, १९७१ आणि १९७५ अशी तीनदाच जाहीर झाली. बंदुकीवरील नियंत्रण मात्र नेहमीच्या कायद्याने, नेहमीच्या दिवसांतही चालते.

निवडणुकीत ‘शस्त्र जमा’ कसे होते?

सामान्य परवानाधारकाचा या अधिकाराशी सर्वाधिक संबंध येतो तो निवडणुकीत. पूर्वी अनेक ठिकाणी सरसकट आदेश निघत : जिल्ह्यातील सर्वांनी आपापली शस्त्रे जमा करावीत. २००९ मध्ये गोव्यातील अशाच आदेशाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार न करता सगळ्यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही, ही भूमिका त्यातून पुढे आली आणि छाननी समितीची पद्धत ठरली. पुढे निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्येही हीच पद्धत आली.

ही पद्धत अशी चालते. निवडणूक जाहीर झाली की जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती परवान्यांची यादी तपासते. आयोगाच्या सूचनांनुसार तीन प्रकारच्या लोकांकडे खास लक्ष द्यायचे असते : जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंग्यात सामील झालेले. ही यादी उदाहरणादाखल आहे. समितीला इतरांचाही विचार करता येतो, पण तो प्रत्येकाचा स्वतंत्रपणे करावा लागतो.

ज्यांचे शस्त्र जमा करायचे ठरते त्यांना नोटीस जाते आणि नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत शस्त्र द्यावे लागते. शस्त्र घेणाऱ्याने रीतसर पावती देणे बंधनकारक आहे. निकाल लागल्यानंतर एक आठवडा उलटला की शस्त्र परत मिळते. बँकांचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धांत भाग घेणारे नेमबाज यांच्यासारख्यांना सूट मिळू शकते. रूढीने किंवा कायद्याने शस्त्र धारण करण्याचा अधिकार असलेल्या समाजांनाही सूट आहे, मात्र त्यांच्यातील कोणी हिंसाचारात सामील आढळल्यास त्याचे शस्त्र घेता येते.

गोंदियात निवडणुकीची सुरक्षा हा वेगळाच विषय आहे. २०२४ मध्ये जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव आणि आमगाव या विधानसभा क्षेत्रांत मतदान दुपारी तीन वाजताच संपवण्यात आले, कारण मतदान पथकांना अंधार पडण्याआधी जंगलातून परतायचे असते. अशा भागात परवान्याची बंदूक चुकीच्या हाती पडू नये, ही प्रशासनाची काळजी समजण्यासारखी आहे.

धानाच्या हंगामाचा प्रश्न

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथल्या काही शेतकऱ्यांसाठी बंदूक म्हणजे रानडुकरांपासून पीक वाचवण्याचे साधन. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येच पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. या बंदुकीला पूर्व विदर्भात ‘भरमार’ म्हणतात. ती पुरेशी नसल्यास दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचा परवानाही देता येतो.

आता २०२४ चे वेळापत्रक पाहा. लोकसभेची निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली. भंडारा-गोंदिया मतदारसंघात मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला झाले. पण देशभरातील सात टप्पे संपून निकाल लागला ४ जूनला. त्यावर एक आठवडा धरला तर ११ जून. म्हणजे मतदान होऊन गेल्यावरही जमा बंदूक सात आठवड्यांहून जास्त काळ ठाण्यात राहू शकत होती. उन्हाळी धान भरून कापणीला येते ते नेमके याच दिवसांत. पुढे विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, मतदान २० नोव्हेंबरला आणि निकाल २३ नोव्हेंबरला. हा तर खरीप धानाच्या कापणीचा मोसम. दोन्ही निवडणुका मिळून हा काळ जास्तीत जास्त साडेचार महिन्यांच्या आसपास जातो.

छाननी समितीचे महत्त्व इथे कळते. सरसकट आदेश असेल तर गुन्ह्याचा डाग असलेला माणूस आणि मचाणावर रात्र काढणारा शेतकरी एकाच रांगेत उभे राहतात. वेगवेगळा विचार झाला तर दुसऱ्याला आपली गरज सांगण्याची जागा मिळते. म्हणून सूट हवी असणाऱ्याने नोटिशीची वाट न पाहता, निवडणूक जाहीर होताच जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देणे शहाणपणाचे. सातबारा, परवान्याची प्रत आणि पूर्वी झालेल्या पीक नुकसानीचे पंचनामे जोडल्यास समितीला निर्णय घेणे सोपे जाते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवायला हवी. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर मारायचे असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

पूर आला तर?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी घरे सोडावी लागतात, गावे रिकामी होतात. मग सरकार ‘आपत्ती’ म्हणून बंदुका गोळा करू शकते का?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कलम ३४ खाली वाहतूक रोखणे, आपत्तीग्रस्त भागात येण्या-जाण्यावर निर्बंध घालणे, मलबा हटवणे, मदतकार्य करणे असे अधिकार या प्राधिकरणाला आहेत. कलम ६५ खाली मदतकार्यासाठी लागणारी साधने, जागा आणि वाहने ताब्यात घेता येतात आणि त्यांचा मोबदला द्यावा लागतो. पण नागरिकांच्या परवान्याच्या बंदुका जमा करण्याचा स्वतंत्र अधिकार या कायद्यात लिहिलेला नाही. पुरानंतर लूटमारीची किंवा दंग्याची भीती असेल तर त्याच जिल्हाधिकाऱ्यांना दंडाधिकारी म्हणून शस्त्र अधिनियमाचा किंवा मनाई आदेशाचा आधार घ्यावा लागेल. टेबल तेच असले तरी आदेशावर कोणत्या कायद्याचे कलम लिहिले आहे, यावर परवानाधारकाची दाद ठरते.

पुरात खरा धोका वेगळा असतो : बंदूक वाहून जाण्याचा किंवा रिकाम्या घरातून चोरीला जाण्याचा. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या शस्त्राची खबर ताबडतोब पोलीस ठाण्याला देणे ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. घर सोडावे लागेल असे दिसताच बंदूक आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवण्यासाठी देऊन पावती घेणे हा सोपा मार्ग आहे. परवान्याची मूळ प्रत मात्र स्वतःजवळच, पाणी लागणार नाही अशी ठेवावी.

अमेरिकेत नेमके उलटे का झाले?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर बुडवले. लूटमारीच्या बातम्या आल्या आणि शहराच्या पोलीस प्रमुखांनी जाहीर केले, की आता बंदुका फक्त पोलिसांकडेच राहतील. घराघरांतून कायदेशीर बंदुकाही उचलल्या गेल्या. त्यावर बंदूकमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि संघीय न्यायालयाने ही जप्ती थांबवली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकी संसदेने कायदाच केला : केवळ आपत्ती आली या कारणाने कायदेशीर बंदुका जप्त करता येणार नाहीत. बचावाच्या बोटीत किंवा वाहनात चढताना बंदूक तात्पुरती मागता येते, पण नंतर ती परत द्यावी लागते.

दोन्ही देशांतील फरकाचे मूळ एकच आहे. तिथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क आहे आणि आपत्तीतही सरकारला तो ओलांडता येत नाही. इथे बंदूक ही सरकारने अटींवर दिलेली परवानगी आहे. म्हणून इथे वाद ‘सरकारला अधिकार आहे का’ यावर न होता ‘अधिकार रीतसर वापरला का’ यावर होतो.

नक्षलग्रस्त म्हणजे ‘अशांत क्षेत्र’ का?

शस्त्र अधिनियमात १९८३ मध्ये कलम २४-अ आणि २४-ब घालण्यात आली. एखाद्या भागात शांततेचा मोठा भंग झाला असेल किंवा होण्याचा धोका असेल तर केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून त्या भागाची हद्द ठरवू शकते आणि ठरावीक प्रकारची शस्त्रे बाळगण्यास बंदी घालू शकते. लोकांना शस्त्रे जमा करण्यासाठी अवधी मिळावा म्हणून अधिसूचनेनंतर किमान चौथ्या दिवसापासूनच बंदी सुरू होऊ शकते. पहिली मुदत ९० दिवसांपेक्षा जास्त नसते. पुढे एकावेळी ९० दिवसांपर्यंत ती वाढवता येते.

‘नक्षलग्रस्त जिल्हा’ हे मात्र निधी, सुरक्षा दले आणि भत्ते ठरवण्यासाठीचे प्रशासकीय वर्गीकरण आहे. त्या शिक्क्याने कलम २४-अ आपोआप लागू होत नाही. तशी स्वतंत्र अधिसूचना निघावी लागते.

जंगलाजवळ राहणाऱ्यांसाठी वेगळा नियम

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेला आहे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले नाव वन विभागाकडे नोंदवावे लागते. त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेताही येत नाही. हे निर्बंध आपत्तीचे नाहीत, कायमचे आहेत.

नोटीस आली तर काय करावे?

पहिली गोष्ट, आदेश नीट वाचावा. तो फिरण्यावरील बंदीचा आहे, शस्त्र जमा करण्याचा आहे की परवाना निलंबनाचा, हे कलमावरून कळते. दुसरी, आदेश चुकीचा वाटला तरी मुदतीत शस्त्र द्यावे. लोकसेवकाने काढलेला आदेश मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे. तिसरी, पावतीवर बंदुकीचा क्रमांक, प्रकार, काडतुसांची संख्या आणि तारीख आहे का ते पाहावे.

निलंबनाविरुद्ध कलम १८ खाली ठरलेल्या मुदतीत अपील करता येते. अपील चालू असताना मूळ आदेश लागूच राहतो. फक्त अपील अधिकारीच त्याला स्थगिती देऊ शकतात. आदेश सरकारने स्वतः किंवा सरकारच्या निर्देशाने काढला असेल तर हे अपील मिळत नाही. मग उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो. गोंदियासाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. परवाना निलंबित असलेल्या काळात जमा केलेली बंदूक सरकारजमा करता येत नाही, हे संरक्षण कलम २१ मध्ये आहे.

आणि मुदत संपली की बंदूक आपणहून परत मागावी. निवडणूक संपते, पूर ओसरतो, ठाण्यातील कर्मचारी बदलतात. अशा वेळी तारीख, शिक्का आणि क्रमांक असलेली पावती हाच परवानाधारकाचा सर्वांत पक्का पुरावा असतो.